‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे शब्द आता मागे घ्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या आरोग्य पुरवणीच्या पहिल्या पानावर ‘प्रतिकारशक्ती वाढवा, विषाणूंना पळवा’ असा मोठा मथळा होता. खाली गोळ्या, पावडरी आणि व्यायाम यांची यादी होती. शेवटी एक वाक्य होतं : ‘ज्याची प्रतिकारशक्ती भक्कम, त्याला विषाणू काहीही करू शकत नाही.’ हे वाक्य चुकीचं आहे, आणि त्याने आजारी माणसाच्या जिवाला लागतं. चूक दुरुस्त करता येते. जिवाला लागलेलं तसंच राहतं, आणि त्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले आहे.

मी ३१ वर्षं एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. सुरुवातीची बरीच वर्षं पांढऱ्या पेशी मोजायला मशीन नव्हतं. रक्ताचा थेंब काचेच्या स्लाइडवर ओढायचा, वाळवायचा, त्यावर लिशमन स्टेन हा रंग टाकायचा, धुवायचा, मग तेलाचा थेंब घालून सर्वांत मोठी लेन्स खाली आणायची आणि एकेक करत १०० पेशी मोजायच्या. विषाणूच्या तापाची स्लाइड पुष्कळदा पहिल्या नजरेतच कळायची. एरवी लिम्फोसाइट ही पांढऱ्या पेशींतली छोटी गोल पेशी, गडद जांभळ्या केंद्रकाने जवळजवळ भरलेली. संसर्गाला तोंड देणारी लिम्फोसाइट मात्र चांगली मोठी होते. तिचा निळसर पेशीरस पसरतो, आणि शेजारी तांबडी पेशी आली की त्याची कड तिच्याभोवती वळते, ओल्या कापडाची कड गोट्याला चिकटावी तशी. त्या कडेला निळा रंग जास्त गडद दिसतो. रिपोर्टमध्ये आम्ही ‘रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट’ लिहायचो आणि पुढची स्लाइड घ्यायचो.

अशा पेशी मी सर्वांत जास्त पाहिल्या त्या ग्रंथीज्वराच्या रुग्णांत. हा आजार एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूमुळे होतो. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. अगदी लहानपणी शिरला तर बहुतेकदा कळतही नाही. विशीच्या आसपास शिरला तर घसा सुजतो, मानेत गाठी येतात, आणि थकवा आठवडेच्या आठवडे उतरत नाही. बी पेशी आणि टी पेशी हे लिम्फोसाइटचेच प्रकार. हा विषाणू बी पेशींत घर करतो, आणि स्लाइडवर ज्या फुगलेल्या पेशी दिसतात त्या बहुतांशी त्या बी पेशींना मारायला निघालेल्या टी पेशी असतात. म्हणजे तो धट्टाकट्टा तरुण अंथरुणाला खिळतो तो पुष्कळसा स्वतःच्या पेशींच्या जोरदार हल्ल्यामुळे. ‘प्रतिकारशक्ती कमी म्हणून आजार जास्त’ हे साधं गणित मला माझ्या मायक्रोस्कोपखालीच चुकताना दिसत होतं.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल लिहिते. २०२१ साली तो कोविडने गेला, ५२ वर्षांचा होता. रोज पहाटे धावायचा, कित्येक वर्षांत आजारपणाची रजा घेतली नव्हती. पहिले सहा-सात दिवस नुसता ताप होता, मग एका रात्रीत ऑक्सिजन उतरत गेला. दवाखान्यातून त्याने मला फोन केला तेव्हा त्याला धाप लागत होती, आणि काय बोलावं त्याने? ‘ताई, माझी प्रतिकारशक्तीच कमी पडली गं. मी नीट काळजी घ्यायला हवी होती.’ माफी मागितल्यासारखा त्याचा आवाज होता. शेवटच्या दिवसांत आपण कुठे कमी पडलो याचा हिशोब तो करत होता. शक्ती वाढवणाऱ्या गोळ्यांच्या तीन डब्या त्याच्या उशाशी होत्या. लोकांनी प्रेमाने आणून दिलेल्या, आणि त्याने त्या नेमाने घेतलेल्या. वहिनी आजही विचारते, आमचं काय राहून गेलं?

वहिनीला मी जे सांगते तेच आपल्या वाचकांपुढे मांडते.

विषाणू पेशीत शिरला की ती पेशी काही तासांत इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडते. आजूबाजूच्या पेशींना त्यातून इशारा मिळतो आणि त्या विषाणूची नक्कल होऊ न देण्याची तयारी करतात. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर प्रयोग करताना हा पदार्थ शोधला. उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू त्या पडद्याशी आला की पुढच्या जिवंत विषाणूला तिथे वाढता येत नव्हतं. सर्वांत आधी धावून येणारी मदत ती हीच. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पॅरिस आणि न्यूयॉर्क इथल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. कोविडचा जीवघेणा न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांचं रक्त त्यांनी तपासलं. त्यातल्या १०१ जणांच्या रक्तात त्यांच्या स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं (एरवी जंतूंना चिकटून त्यांना अडवणारी प्रथिनं) सापडली. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. आणि ज्यांना लक्षणंच आली नाहीत किंवा अगदी सौम्य आजार झाला अशा ६६३ जणांत एकाच्याही रक्तात ती नव्हती.

ही प्रतिपिंडं संसर्गामुळे तयार झालेली नव्हती. ज्या रुग्णांचे आजारपणाआधीचे रक्ताचे नमुने मिळाले, त्यांत ती आधीपासूनच होती. वाढत्या वयाबरोबर, विशेषतः सत्तरीनंतर, ती जास्त लोकांत आढळतात. अशी माणसं एरवी ठणठणीत असतात. धावतात, काम करतात, आणि आपल्या रक्तात पहिला इशाराच दाबून टाकणारं काही फिरतंय याची त्यांना काडीइतकीही कल्पना नसते. नंतर गंभीर इन्फ्लुएंझाच्या काही रुग्णांतही ती सापडली, आणि वेस्ट नाइल विषाणूने मेंदूला सूज आलेल्या रुग्णांत तर सुमारे ४० टक्क्यांमध्ये. त्याच २०२० च्या अंकात दुसरा अभ्यास होता. काही गंभीर रुग्णांत इंटरफेरॉनशी संबंधित जनुकांतच जन्मापासून दोष होता.

माझ्या भावाच्या रक्ताची ती तपासणी झाली नव्हती, म्हणून त्याच्या बाबतीत मी ठामपणे काही म्हणत नाही. पण कुठल्या गोळीने ही प्रतिपिंडं गेली असती? किती किलोमीटर धावल्याने जनुकातला दोष भरून निघाला असता? असा माणूस हरला तर ‘याची शक्ती कमी पडली’ म्हणणं ही त्याच्यावर लादलेली खोटी जबाबदारी आहे, आणि ती माझ्या भावाने मरताना खांद्यावर घेतली होती.

बरं, शक्ती नुसती वाढली तर काय होतं तेही बघा. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना मिळालं. शरीराच्या स्वतःच्या पेशींवर चालून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना आवरणाऱ्या टी पेशी साकागुचींनी १९९५ मध्ये उंदरांत दाखवून दिल्या. ब्रन्को आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यामागचं फॉक्स-पी-३ हे जनुक शोधलं. हे जनुक बिघडलेलं घेऊन जन्मलेली काही मुलं असतात, बहुतेक मुलगेच, कारण ते एक्स गुणसूत्रावर असतं. त्यांच्यात आवरणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. त्यांच्या पांढऱ्या पेशी आतड्यावर, स्वादुपिंडावर, त्वचेवर तुटून पडतात. तान्ह्या वयात मधुमेह होतो, जुलाब थांबत नाहीत, आणि उपचार मिळाले नाहीत तर पुष्कळ मुलं पहिल्या एक-दोन वर्षांतच जातात. आपल्या पुरवणीच्या भाषेत या बाळांची प्रतिकारशक्ती ‘वाढलेली’च असते.

कोविडमध्ये जगभरच्या डॉक्टरांना हेच रोज दिसत होतं. आठव्या-दहाव्या दिवशी ढासळणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसात विषाणूपेक्षा दाहानेच, म्हणजे प्रतिकाराच्या माऱ्याने आलेल्या सुजेनेच, जास्त नासधूस केलेली असायची. म्हणून त्या काळात मरणापासून वाचवू शकतं असं मोठ्या चाचणीत सर्वांत आधी सिद्ध झालेलं औषध हे प्रतिकार दाबणारं होतं. डेक्सामेथॅसोन, जुनं, स्वस्त स्टेरॉइड. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या ज्या रुग्णांना ते मिळालं नाही त्यांतले ४१.४ टक्के २८ दिवसांत दगावले, ज्यांना मिळालं त्यांतले २९.३ टक्के. ऑक्सिजनवरच्या रुग्णांनाही फायदा झाला. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच पडली नव्हती त्यांना काडीचाही उपयोग झाला नाही, उलट त्यांच्यातले आकडे थोडे वाईटाकडेच झुकलेले होते. औषध तेच, मात्राही तीच. फरक होता तो वेळेचा. आजाराच्या सुरुवातीला प्रतिकार हवा असतो, आणि तोच पुढे फुप्फुस बुडवतो. हे एवढं जरी आपल्या वाचकांना त्या वेळी नीट कळलं असतं, तर पहिल्याच दिवशी घरी स्टेरॉइड घेणारे काहीजण तरी थांबले असते.

डेंग्यूची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. डेंग्यूच्या विषाणूचे ४ प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाली की प्रतिपिंडं तयार होतात. पुढे दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला की ही जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात खरी, पण निकामी करू शकत नाहीत. उलट प्रतिपिंडाची शेपूट पकडून आत ओढून घेणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यात विषाणूला आयता प्रवेश मिळतो. म्हणून दुसऱ्या खेपेचा डेंग्यू जास्त घातक ठरू शकतो. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशातल्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवलं की धोका जास्त होता तो प्रतिपिंडांचं प्रमाण मधल्या एका ठरावीक पट्ट्यात असलेल्या मुलांना. भरपूर प्रतिपिंडं असलेली मुलं सुरक्षित होती, आणि मुळीच नसलेल्यांनाही तो विशिष्ट धोका नव्हता. ‘वाढवा’ या एका शब्दात हे कसं बसवायचं?

मी गोळ्यांवर रागावून बोलते आहे असं वाटू नये. अन्नच पुरेसं मिळत नसेल तर शरीर संसर्गापुढे खरोखरच टिकत नाही. गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे २ डोस द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. झोपेबद्दल तर चांगला पुरावा आहे. अमेरिकेत १६४ निरोगी स्वयंसेवकांच्या झोपेची आधी आठवडाभर मोजदाद करून मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. ६ तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता ७ तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. हे जरूर छापा. उणीव भरून काढणं आणि झोप पुरी करणं ही शरीराची निगा झाली. ज्याला कशाचीच कमतरता नाही त्याने वरून आणखी गोळ्या घेतल्याने विषाणू पळत नाहीत.

आणि ज्या गोष्टीवर पान भरून लिहायला हवं, ती त्या पुरवणीत एका ओळीतही नव्हती. ती म्हणजे शरीराची आठवण.

१८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. पीटर पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरला तिथे पाठवलं गेलं. बेटांवरच्या ७,८०० च्या आसपास लोकांपैकी ६,००० हून अधिक आजारी पडले होते. त्याआधीची साथ होती १७८१ सालची. पानुमने घरोघर फिरून म्हाताऱ्यांची चौकशी केली. लहानपणी १७८१ मध्ये ज्यांना गोवर झाला होता, त्यांतल्या एकालाही तो पुन्हा झालेला त्याला आढळला नाही. ६५ वर्षं मधे गेली होती, तेवढ्या काळात गोवराचा एकही विषाणू त्या बेटांवर फिरकला नव्हता, आणि तरी त्या म्हाताऱ्यांच्या शरीराला ओळख पटली. टी पेशी, बी पेशी हे शब्दही तेव्हा कुणाला माहीत नव्हते. २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये याच जातीचं संशोधन आलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतून वाचलेल्या, ९१ ते १०१ वर्षं वयाच्या ३२ जणांचं रक्त तपासलं, तर सगळ्यांच्या रक्तात त्या विषाणूला अडवणारी प्रतिपिंडं होती. काहींच्या रक्तातल्या बी पेशींपासून प्रयोगशाळेत प्रतिपिंडं बनवली, आणि ती उंदरांना त्या मारक विषाणूपासून वाचवू शकली. शंभरीच्या माणसाच्या एका नळीभर रक्तात नव्वद वर्षांपूर्वीची ओळख जिवंत! अशा कितीतरी नळ्या मी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या आहेत. नळीवर फक्त नाव आणि वय असायचं, आत काय काय जपलेलं आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

आता गोवराकडे परत येते, कारण तो नेमकी हीच आठवण पुसतो. आठवण जपणाऱ्या टी आणि बी पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं. गोवराचा विषाणू त्यालाच धरून आत शिरतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासून २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आले. आधीच्या आजारांविरुद्ध मुलांकडे असलेल्या प्रतिपिंडांच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग गोवरानंतर नाहीसा झाला होता. आजार अंगावर काढून जे जंतू ती मुलं एकेक करत ओळखायला शिकली होती, त्यातले पुष्कळ जंतू त्यांना पुन्हा नवे. वेगवेगळ्या देशांच्या जुन्या नोंदींवरून त्याच गटाने आधी दाखवलं होतं की गोवराच्या साथीनंतर दोन-तीन वर्षं इतर संसर्गांनीही मुलं जास्त दगावतात. गोवराची लस घेतलेल्या मुलांत अशी पुसापुशी दिसली नाही.

हे वाचल्यावर मला एक मुलगी आठवली. साडेतीन वर्षांची असेल, आधी गोवराने दाखल झाली, बरी होऊन घरी गेली, आणि पुढच्या वर्षभरात तीन वेळा आमच्याकडे तिचं रक्त आलं. दोनदा न्यूमोनिया, एकदा कानाचा संसर्ग पसरलेला. दरवेळी तिच्या बोटाला सुई टोचताना ती माझ्याकडे न बघता आईच्या पदराकडे बघायची. आई म्हणायची, ‘हिची शक्तीच गेली हो.’ मी मान डोलवायचे, कारण मला त्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं. त्या माउलीच्या बोलण्यात तथ्य असणार, असं आता वाटतं. फक्त गेलेलं जे होतं ते टॉनिकने परत येणारं नव्हतं, आणि ते जाऊ न देण्याचा उपाय दोन डोसांत उपलब्ध होता. गोवराच्या लसीचे दोन्ही डोस घेतले की सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळतं, एका डोसाने ९३ टक्के. हा विषाणू इतका वेगाने पसरतो की साथ रोखायला १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. जगात २०२३ मध्ये २ कोटी २० लाख बाळांना पहिलाही डोस मिळाला नाही. दुसरा डोस राहून गेलेली मुलं त्याहून जास्त.

संपादक महाशय, माझं मागणं फार नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मथळा यापुढे छापू नका. त्या जागी ‘प्रतिकारयंत्रणा’ म्हणा, आणि ती काय ओळखते, कधी जागी होते, कधी शांत होते, काय लक्षात ठेवते हे लिहा. एखाद्या संशोधनाची बातमी देताना ते माणसांवर झालं की उंदरांवर, किती जणांवर झालं, हे पहिल्या दोन परिच्छेदांत सांगा. उंदरावरचं संशोधन कमी मोलाचं नसतं, साकागुचींचं काम उंदरांवरच सुरू झालं. पण वाचकाने त्याच दिवशी दुकान गाठू नये एवढं तरी त्यातून साधेल. आणि पुढच्या पुरवणीत गोळ्यांच्या यादीच्या जागी लसीच्या डोसांचं कोष्टक द्या, दुसऱ्या डोसाची ओळ ठळक करून. ते कापून कपाटाच्या दाराला चिकटवता येईल अशा मापाचं असावं.

‘भक्कम प्रतिकारशक्तीवाल्याला विषाणू काही करू शकत नाही’ हे वाक्य चुकीचं होतं, असा खुलासाही त्याच पहिल्या पानावर द्यावा अशी विनंती आहे. तो आला की अंक वहिनीला वाचून दाखवणार आहे. त्या तीन डब्या तिने अजून टाकलेल्या नाहीत.

आपली वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ